वेताळाचं विरजण

आईला साखर निघाली तेव्हापासून रोज संध्याकाळी वाटीभर पाण्यात चमचाभर मेथ्या भिजत घालायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी झाकण काढलं की तो कडवट, बुळबुळीत वास नाकात शिरतो आणि मी तोंड फिरवते. आई म्हणते, "एवढं काय गं? प्यायचं मला आहे ना?" मी तोंड का फिरवते ते तिला चांगलं माहीत आहे. तरी रोज म्हणते. आमच्या घरात काही गोष्टी अशा आडूनच बोलल्या जातात.

हे घर म्हणजे नाशिकच्या गंगापूर रोडवरचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. इमारत आमच्याच मळ्यावर उभी आहे. खाली गाड्या लागतात तिथे विहीर होती, लिफ्टच्या जागी निशिगंधाचे वाफे, आणि तिथून थेट रस्त्यापर्यंत अष्टर, झेंडू, मध्येमध्ये कोथिंबीर. वॉचमनच्या खोलीमागे आता जनरेटर ठेवलाय ना, तिथे बांधाला लागून तीन झोपड्या असायच्या. दिवाळी सरली की उभ्या राहायच्या, होळीच्या तोंडावर मोडायच्या. बाकीचे आठ महिने तिथे चुलीचे काळे दगड तेवढे पडून असायचे. शाळेतून येता-जाता मी त्या दगडांकडे बघून दिवाळीला किती दिवस राहिले ते मोजायची.

झोपड्यांत राहायला सुरगाण्याकडची माणसं यायची. तिकडे डोंगरात भात आणि नागली निघाली की पोटाला दुसरं काही काम नसतं. ती पेठ नाक्यावर उतरायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, टेम्पो घेऊन त्यांना आणायला जायचे. माणसं दरसाल बदलायची, पण देवरामदादा आणि त्याची बायको यमुनामावशी ही दोघं ठरलेली. टेम्पोचं फळकं पडलं की आधी वास उतरायचा. धुराचा, सुकटीचा, नागलीच्या पिठाचा, आणि गोधडीत गुंडाळून आणलेल्या कसल्याशा पाल्याचा. मग देवरामदादा उतरायचा आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "बाय, लय वाढली की! मुळा हाय का काय?"

मी त्याला अरे-तुरे करायची. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. आता लाज वाटते, पण मळ्यातली सगळी पोरं तसंच बोलायची आणि कोणी आम्हांला टोकायचं नाही.

फुलं तोडायला त्याचा हात सगळ्यांत हळू. अण्णा चिडायचे, "देवराम, फूल तोडतोयस का त्याची सोयरीक जुळवतोयस?" सगळ्या बाया हसायच्या आणि तोही हसायचा. पण देठ कधी पिचलेला नसायचा, म्हणून अण्णा चिडून पुन्हा निशिगंध त्याच्याकडेच द्यायचे. पंचवटीत आमच्या निशिगंधाला गिऱ्हाईक थांबून असायचं, ते त्या हळू हातामुळे.

दुपारी भाकरी खाऊन झाल्या की बाकीची माणसं आंब्याखाली आडवी व्हायची. देवरामदादा विहिरीजवळच्या हौदाला पाठ लावून बसायचा आणि मुखवटे करायचा.

त्याच्या गावात चैत्रात बोहाडा असतो. बोहाडा म्हणजे देवांची, राक्षसांची सोंगं. एकेक सोंग मुखवटा चढवून वाजत-नाचत गावच्या रस्त्याने येतं. कोणतं सोंग कोणत्या घराने काढायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. गणपती एका घरचा, रावण दुसऱ्या घरचा, आणि देवरामदादाच्या घरचा वेताळ. पण मुखवटे सगळ्या गावाचे तोच करायचा, आणि फुटलेतुटले तोच सांधायचा. मी स्वतः एकही बोहाडा बघितलेला नाही. तेव्हा परीक्षा असायच्या, आणि नंतर जायला तोंड उरलं नाही.

आधी मातीचं तोंड व्हायचं. नदीचा गाळ फळीवर थापून तो नाक ओढायचा, गाल चढवायचा. त्यावर चुलीतली राख भुरभुरवायची, म्हणजे कागद मातीला चिकटत नाही. मग भिजवून कुटलेल्या कागदाचा लगदा, त्यात चिंचोक्याची खळ आणि वाटलेल्या मेथ्या. मेथ्या घातल्या की कीड लागत नाही. थरावर थर चढायचे. आठ-दहा दिवसांनी वाळलं की आतली माती काढून घ्यायची, आणि हातात हलका, पोकळ, कडवट वासाचा चेहरा यायचा. मी तो तोंडाला लावायला गेले की यमुनामावशी लांबून ओरडायची, "ठेव आधी खाली! देव हाय का टोपी?"

कागद माझा असायचा. वर्ष संपलं की माझ्या सगळ्या वह्या मी त्याच्यासाठी जपून ठेवायची, आणि गणिताच्या वह्या तर वर्ष संपायच्या आधीच द्यायची. अण्णांच्या हाती लागू नयेत म्हणून. दगडावर तो वह्या कुटायचा, धप्प धप्प, आणि माझी लाल शेऱ्यांची पानं बघता बघता राखाडी होऊन जायची. एका वर्षी रावणाची दहाच्या दहा तोंडं माझ्या वह्यांतून निघाली. "बाय, तुझ्यामुळं ह्या रावणाला बेरीज येत नाय," तो म्हणायचा. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, पण त्याचा चेहरा आठवायला गेलं की मुखवटेच आठवतात. हे मला फार लागतं.

चेहरे तो कुठून आणायचा, तेही मी पाहिलंय. हौदावर बगळा यायचा. तासन्‌तास एका पायावर. देवरामदादा हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत बसायचा. म्हणायचा, "ह्याची मान बघ. मासा धरल्यावरची नाय, धरायच्या आधीची. सोंडेला तसं वळण पाहिजे." पाणी तोडलेल्या वाफ्याला भेगा पडल्या की त्यावरून बोट फिरवायचा, पुढच्या आठवड्यात त्या भेगा कुणाच्या तरी कपाळावर दिसायच्या. रंग म्हणजे गेरू, तव्याचं काजळ, तांदळाचं पीठ, पळसाची उकळलेली फुलं, वालाचा पाला. एकदा मी माझा पाण्याच्या रंगांचा डबा पुढे केला. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि परत दिला. "दुकानातला रंग लय बोलतो गं," म्हणाला.

मळ्यात सगळी सोंगं व्हायची, फक्त वेताळ नाही. वेताळ गावाला, त्याच्या घरात, पाटावर. त्याच्याबद्दल त्याने मला सांगितलं तेव्हा मी पाचवीत असेन. थंडी होती, हौदाच्या कडेवर आम्ही दोघं उन्हाला बसलो होतो आणि मी ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलून त्याला देत होते.

वेताळ एका माणसाच्या हयातीत एकदाच नवा करायचा. जुन्याचा जबडा गेला, कडा झिजल्या, की तो आख्खा पाण्यात भिजत घालायचा. त्याचा लगदा होतो, आणि तो नव्या लगद्यात मळायचा.

"आईच्या विरजणासारखं?" मी विचारलं.

"तसंच. बापानं आज्याचा मळला, आज्यानं त्याच्या बापाचा. सगळ्यांचे हात हायत त्यात."

"मग पहिला कुठून आला?"

"पहिला कोणी पाहिला बाय! आपण आपला पुढं द्यायचा."

आता लिहूनच टाकते. बगळा, पळस, हरभऱ्याचे घाटे असलं सगळं गोड गोड मी आत्तापर्यंत लिहीत बसले, ते एवढं एक वाक्य लांबवायला. मला माहीत होतं. वेताळाला विरजण लागतं, हे मला पाचवीपासून माहीत होतं.

पुढे मी चित्रकलेच्या कॉलेजात गेले. गणिताने तारलं नसतंच, देवरामदादाच्या शेजारी बसून हात थोडा वळला होता, त्याने तारलं. कॉलेजात मी ऐट मारायची, "आमच्या मळ्यात एक आदिवासी कलाकार आहे." आमच्या मळ्यात! जणू विहीर, आंबा, तसा तोही आमचाच.

मी कॉलेजात असतानाच एका हिवाळ्यात वेताळ पहिल्यांदाच मळ्यात आला. त्याचा जबडा पार दुभंगला होता आणि नवा करायची वेळ आली होती. गावाकडे त्या वर्षी पाण्याचे हाल होते, म्हणून देवरामदादाने तो धोतराच्या फडक्यात बांधून आणला आणि झोपडीच्या मधल्या खांबाला उंच टांगला. मला त्याने फडकं सोडून दाखवला. घुबडासारख्या भुवया, गालावर वाळलेल्या नदीसारख्या रेघा. आणि रंग असा, की कोणी लावलाय असं वाटतच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. कौतुकाने, आणि हावरेपणानेसुद्धा.

कॉलेजात लोककलेचं प्रदर्शन होतं. मी म्हणाले, "देवरामदादा, दोन दिवस दे ना. शनिवार, रविवार. सगळे बघतील."

यमुनामावशी चुलीपाशी होती. तिने मान हलवली, नको म्हणून. देवरामदादाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मालकाच्या पोरीला नाही कसं म्हणायचं, ही त्याची अडचण मला दिसली नाही. मला वाटलं, माझ्यावरच्या मायेने देतोय. माया होतीच म्हणा. म्हणून तर जास्त वाईट.

"दोन दिवस," तो म्हणाला. "सोमवारी भिजत घालायचाय. मी मेथ्या वाटून ठिवतो."

प्रदर्शनात सगळे त्या मुखवट्यासमोरच थांबत होते. खाली पुठ्ठ्यावर माझं नाव होतं. त्याचं नव्हतं, ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. रविवारी मुंबईहून मोठे पाहुणे आले. ते वेताळासमोर बराच वेळ उभे राहिले. आमच्या सरांनी मला बाजूला घेतलं. "पाहुण्यांना फार आवडलाय. तसा फुटकाच आहे. भेट म्हणून देऊन टाकू या का? तुमचा माणूस दुसरा करेल की."

"करेल की सर!" मी म्हणाले. "त्याला काय, तो रोजच करतो."

कसं म्हणाले असेन? किती वेळा स्वतःला विचारलंय. कोणी माझा हात पिरगळला नव्हता. सरांनी फक्त विचारलं होतं. मोठ्या माणसांच्या घोळक्यात मधोमध उभी होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी शेफारले होते. एवढंच. मी स्वतः वर्तमानपत्रात तो गुंडाळला आणि सुतळी बांधली. पाहुण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तुमच्यासारख्या मुलींमुळेच ही कला टिकेल," म्हणाले. आणि मला ते खरं वाटलं.

येताना मी मेन रोडवरून देवरामदादासाठी रंगांची मोठी पेटी घेतली. चोवीस बाटल्या. तो हौदाशीच बसला होता. शेजारी घमेल्यात पाणी काढून ठेवलेलं, वाटलेल्या मेथ्यांवर ओलं फडकं घातलेलं. त्याने पेटी उघडली, दोन बाटल्या उचलून बघितल्या, परत जागेवर ठेवल्या.

"चांगले हायत," म्हणाला. मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघून, "आन् वेताळ?"

मी सांगितलं. भरभर सांगितलं, पाहुणे किती मोठे, त्यांना किती आवडला, सगळं. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, "माघारी आणता यील?"

"दुसरा कर ना," मी म्हणाले. "माझ्या सगळ्या वह्या देते."

"कागदाचा व्हईल बाय," तो अगदी समजुतीने म्हणाला, लहान मुलाला सांगावं तसं. "वेताळ नाय व्हणार."

यमुनामावशीने तोंडात पदर कोंबला. तिचं ते रडणं आवाजाशिवायचं होतं आणि मला तिच्याकडे बघवेना.

अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी मला मारलं नाही. वाफ्यातली खुरपणी सोडून ते नुसते उभे राहिले. "माळ्याची पोर ना तू?" म्हणाले. "बियाण्याचा कांदा कोणी वाटून टाकतं का गं? उपाशी राहतं माणूस, पण बियाण्याला हात लावत नाही." ते माझ्याबरोबर कॉलेजात आले, टोपी हातात धरून सरांपुढे उभे राहिले. सरांनी फोन लावले. पाहुणे परदेशी गेले होते. मग पत्रं लिहिली, दोन, तीन. पुढे सरांचीही बदली झाली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

देवरामदादा मात्र रोज फुलं तोडत होता, तसाच हळू. दुपारी हौदाशी बसायचा, पण हात मोकळे. बगळा यायचा आणि जायचा. घमेल्यातलं पाणी यमुनामावशीने चार दिवसांनी कोथिंबिरीला ओतलं. त्या वर्षी ती दोघं होळीच्या बऱ्याच आधी निघून गेली. रंगांची पेटी खांबाशी नीट पुसून ठेवलेली सापडली, एकही बाटली न उघडलेली.

पुढच्या दिवाळीनंतर टेम्पो आला तेव्हा मी फाटकात उभी होते. दुसरीच माणसं उतरली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग विहिरीचं पाणी गेलं, अण्णा गेले, मळा गेला. सगळं एकामागोमाग. बुलडोझरने बांध सपाट केला त्या दिवशी ते चुलीचे दगड कुठे गेले, ते बघायलासुद्धा मी खाली उतरले नाही. चित्रं काढणंही केव्हाच सुटलं. मी एका दुकानात लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवते.

गेल्या महिन्यात एका सकाळी आईने मेथ्यांचं पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि कधी नव्हे ते सरळ म्हणाली, "किती दिवस वास चुकवशील? जा एकदा. त्या माणसाच्या पाया पडून ये."

मी गेले. सुरगाण्यापर्यंत एसटी, पुढे जीप, मग एक चढ. पाड्यावर देवरामचं घर विचारलं तर एका बाईने हाताने दाखवलं. दारात यमुनामावशी सुपात नागली पाखडत बसली होती. कपाळ मोकळं. काय झालं ते मला तिथेच कळलं. तिने मला वर-खाली बघितलं.

"बाय?" म्हणाली. "लय उशीर केलास."

तो जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने मला पाणी दिलं, भाकरीचा आग्रह केला. घरात पाट होता, पाटावर काही नव्हतं. भिंतीला एकही मुखवटा नाही. मी विचारलं, "नंतर करतच नव्हते का?" इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडून अहो-जाहो निघालं.

"कोणी द्यायला पाहिजे ना करायला," ती म्हणाली. सूप थांबलं नव्हतं. "त्या साली चैतात पंच बसले. वेताळ कुठंय म्हणाले. ह्यांनी सांगितलं, वाळवीनं खाल्ला."

मला आधी समजलंच नाही. "वाळवी? पण मी..."

"तुझं नाव घेतलं असतं तर आख्खा गाव तुझ्या बापाच्या दारात आला असता. मी म्हणलं, घ्या नाव, खरं हाय ते. तर म्हणाले, पोरगी हाय ती. तिला आयुष्य काढायचंय." तिने फोलपटं फुंकली. "पंचांनी सोंगाचा मान काढून घेतला. ज्याच्या घरात वेताळाला वाळवी लागली, त्याच्याकडं कोण गणपती देईल? लोक नाशकातून पलास्टिकची तोंडं आणाया लागले. हे मग द्राक्षांवर जायचे, दिंडोरीकडं. औषध मारायला."

मी रडले. तिच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्याने रडले, कसलीच लाज न धरता. तिने मला उठवलं नाही आणि ढकललंही नाही. शेवटी मी म्हणाले, "मी सांगते सगळ्यांना. आत्ता जाऊन सांगते, मीच दिला म्हणून."

"नको," ती म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "देवावर हात ठिवून बोलले होते ते. आता तू खरं सांगशील, आन् गाव म्हणंल देवराम खोटी आण घेऊन मेला. हयगयीचा डाग हाय तेवढा पुरे. दुसरा लावू नको."

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत अंगणात आला. डोईला फेटा, कानात बाळी. "कोण पावनी?" त्याने विचारलं.

"नाशिकची. ह्यांच्या मळ्यावरची लेक," यमुनामावशी म्हणाली. मग मला म्हणाली, "हे कारभारी. पंचांत असत्यात."

तो ओट्यावर टेकला. लांबून आलीस, बरं केलंस, म्हणाला. देवरामच्या हाताबद्दल बोलला. असा हात ह्या डोंगरात पुन्हा व्हायचा नाय, त्याच्या हातचा गणपती हलायचा, सोंड हलायची. "सोन्यासारखा माणूस," म्हातारा म्हणाला आणि त्याने काठीवर हनुवटी टेकली. "पण हयगय केली बघ. घरचा देव वाळवीला घातला. मला अजून खरं वाटत नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "त्या साली तो तुमच्याकडंच होता ना? तू तर पाहिलं आसशील."

यमुनामावशीचं सूप थांबलं.

"हो," मी म्हणाले. "मी पाहिलं होतं. वाळवीच होती."